चौकटीवांचून चित्र

कांहीं वर्षांपूर्वीं पालकांच्या भेटीच्या दिवशीं चित्रप्रदर्शन भरवावयाचें ठरलें, तेव्हां मढविलेलीं चित्रें तेवढींच लावावीं असा नियम आम्हीं केला. दालनास शोभा यावी, हाच हेतु होता. सातव्या इयत्तेंतील एका मुलानें आपल्या गांवच्या विहिरीचें फार चांगलें चित्र काढिलें होतें. तें गुंडाळून नेतांना तो एवढेंच म्हणाला, "सर, चौकटीचें यंदा जमणार नाहीं, असें बाबा म्हणाले."

आम्ही खजील झालों. इशायाच्या घरीं शमुवेल संदेष्ट्यास मिळालेला धडा आम्ही वर्गांत शिकवितों, आणि तो आम्हीच विसरलों होतों!

कांच चित्रास धुळीपासून राखते, हें खरें. परंतु चौकट म्हणजे चित्र नव्हे. अजिंठ्याचीं चित्रें लेण्यांच्या भिंतींवरील गिलाव्यावरच आहेत. वारली समाजांतील सुवासिनी लग्नप्रसंगीं गेरूनें सारविलेल्या कुडावर तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात. त्याची नक्षीदार चौकटही त्याच पिठाची असते. मिलान शहरांतील एका मठाच्या भोजनगृहांत लिओनार्दोनें १४९५ ते १४९८ च्या सुमारास प्रभूचें शेवटचें भोजन भिंतीवरच रंगविलें. पुढें १६५२ सालीं त्याच भिंतींत दार पाडितांना चित्रांतील प्रभूचे पाय नाहींसे झाले. तरी लोक दूरदेशांहून तें पाहावयास येतात.

पुढील वर्षीं आम्हीं नियम बदलिला. मैद्याच्या खळीनें प्रत्येक चित्र मांजरपाटावर चिकटविलें. कसर लागूं नये म्हणून खळींत किंचित् मोरचूद घातला. तो विषारी असल्यामुळें तें काम आम्हीं स्वतः केलें. चित्राच्या वरच्या व खालच्या कडेस बांबूची एकेक कामटी बांधिली. खालच्या कामटीच्या भारानें चित्र ताठ राहतें. जपानांतील लोंबतीं चित्रेंही अशींच खालीं दांडी घालून टांगितात. मग ओल नसलेली व उन्हाची तिरीप न येणारी भिंत पाहून सर्व चित्रें सुतळीनें टांगिलीं. विहिरीचें चित्रही मागून आणविलें.

त्या मुलाचे वडील त्यापुढें बराच वेळ उभे होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "रहाटाचा मोडका दांडा बी काढलास कीं रे!" चौकट नाहीं, हें त्यांच्या ध्यानींही आलें नाहीं.

मुलांनो, कोणाचें चित्र घरीं गुंडाळून पडलें असेल, तर तें घेऊन या. कामट्या शाळेंत आहेत.