माल्टाची मायबोली

इटलीचा बूट सिसिलीच्या चेंडूला लाथ मारतो आहे, असे आम्हांला शाळेत भूगोलाचे मास्तर नकाशावर दाखवीत. त्या चेंडूच्या खाली, समुद्राच्या निळ्या रंगात माशी बसावी तसा एक ठिपका असतो. तोच माल्टा देश. क्षेत्रफळ सारे मिळून ३१६ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा व्यापतात, तिच्या जवळजवळ निम्मे. लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक. आपल्याकडे एखाद्या मध्यम शहराची असते तेवढी! परंतु एवढ्यात त्यांनी एक राष्ट्र, एक पार्लमेंट, एक विद्यापीठ आणि एक स्वतंत्र भाषा सांभाळली आहे. पहिल्या तीन गोष्टी पाहायला कोणीही जाईल. मला मोह पडला तो चौथीचा.

राजधानीचे नाव व्हॅलेटा. दोन बंदरांच्या मधोमध समुद्रात शिरलेल्या एका खडकाळ जिभेवर हे शहर वसले आहे. लांबी सुमारे एक किलोमीटर. म्हणजे सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर चहाच्या वेळेपर्यंत राजधानी पालथी घालून परत येईल. मात्र त्याचे गुडघे शाबूत हवेत. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, पण उतार असा की काही ठिकाणी रस्ता संपून सरळ पायऱ्याच सुरू होतात. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाची घरे आणि त्यांना हिरव्या, तांबड्या, निळ्या रंगांचे बंदिस्त लाकडी सज्जे. कोठल्याही चौकात उभे राहा, रस्त्याच्या टोकाला समुद्राचा निळा तुकडा दिसतोच.

हे शहर भीतीतून जन्मले. १५३० साली स्पेनच्या चार्ल्स राजाने हे बेट सेंट जॉनच्या सरदारांना दिले. मोबदला वर्षाला एक ससाणा! १५६५ साली तुर्कांच्या प्रचंड आरमाराने बेटाला वेढा घातला. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत मूठभर सरदार आणि हजारो माल्टी माणसे लढली आणि तुर्कांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी, मार्च १५६६ मध्ये, सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट याने या खडकावर नव्या शहराचा पहिला दगड बसवला. शहराला नाव त्याचेच मिळाले.

या बेटावर नदी नाही. म्हणून प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके असलेच पाहिजे, असा नियम सरदारांनी केला. पुढे १६१५ साली डोंगराकडच्या झऱ्यांचे पाणी कमानींच्या पाटाने शहरात आले. आज निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवतात. आपल्या कोकणात पाऊस धो धो कोसळतो आणि मेमध्ये विहिरी तळ गाठतात, हे आठवून मी जरा खाली मान घातली.

सेंट जॉनच्या चर्चमध्ये कॅराव्हॅजो या इटालियन चित्रकाराने १६०८ साली काढलेले भव्य चित्र आहे. संत जॉनचा शिरच्छेद हा त्याचा विषय. जमिनीवर सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केली आहे. लोक तेथे श्वास रोखून उभे राहतात. आम्हीही राहिलो. मात्र बाहेर आल्यावर सौभाग्यवतींचे लक्ष कोपऱ्यावरच्या पस्तिझीच्या दुकानाकडे गेले. चिरोट्यासारखे पापुद्रे सुटलेला, आत वाटाण्याचे सारण भरलेला हा पदार्थ पाहून त्या म्हणाल्या, "अहो, ही तर तिखट करंजी! फक्त कातायचे राहून गेलेय." दिवाळीच्या फराळाशी माल्टाचे नाते असे एका घासात जुळले.

शहराच्या मुख्य रस्त्याचे चरित्र म्हणजे माल्टाचा संक्षिप्त इतिहासच. सरदारांनी त्याला सान जॉर्जचा रस्ता म्हटले. १७९८ साली नेपोलियनने बेट घेतले, तेव्हा तो राष्ट्रीय रस्ता झाला. १८०० साली फ्रेंच गेले आणि इंग्रज आले. मग तो इटालियन भाषेत राजरस्ता झाला आणि पुढे चक्क 'किंग्जवे'. २१ सप्टेंबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, १३ डिसेंबर १९७४ रोजी प्रजासत्ताक झाला. आता पाटीवर 'त्रीक इर-रिपब्लिका' असे लिहिलेले असते. दगड तेच, नावे मात्र धन्याच्या मर्जीची.

इंग्रजांच्या काळात आपली माणसेही येथे येऊन गेली. १८७८ साली रशियाला धाक दाखवण्यासाठी इंग्रज सरकारने हिंदी पलटणी मुंबईहून जहाजांत भरून माल्टाला पाठवल्या. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. त्या शिपायांनी येथली भाषा ऐकली असेल, तेव्हा त्यांतला एखादा चमकला असेल, असे मला राहून राहून वाटते. कारण माल्टी भाषेत जगाला म्हणतात 'दिन्या' आणि पुस्तकाला म्हणतात 'क्तीब'. आपली दुनिया आणि किताब! अरबांनी ८७० साली हे बेट घेतले, त्यांच्या बोलीपासून ही भाषा झाली. पुढे राज्य ख्रिस्ती राजांकडे गेले, लोक कट्टर कॅथलिक झाले, परंतु चर्चमध्ये ते देवाला 'अल्ला' म्हणूनच हाक मारतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासांना 'रंदान' म्हणतात, म्हणजे रमजान! सकाळचा नमस्कार 'बोंजू' हा फ्रेंचांकडचा, आभाराचा 'ग्रात्सी' इटलीचा. जो जो धनी आला, त्याच्याकडून या भाषेने थोडी थोडी उसनवारी केली. पण घर मोडले नाही.

आणि गंमत अशी की, शेकडो वर्षे या भाषेला कोणी विचारीत नव्हते. ती स्वयंपाकघराची आणि शेताची भाषा. न्यायालयात इटालियन चाले. ज्याच्यावर खटला, त्यालाच आपल्याबद्दल काय बोलले जाते ते कळू नये, अशी अवस्था. अशा काळात मिकीएल अंतोन वस्साल्ली नावाच्या माणसाने १७९६ साली माल्टी भाषेचा कोश छापला. आपल्या मोल्सवर्थचा मराठी कोश निघाला १८३१ साली, त्याच्या पस्तीस वर्षे आधी. लोकांना त्यांच्याच भाषेतून शिकवा, असे तो सांगे. सरदारांनी त्याला तुरुंगात घातले, इंग्रजांनी हद्दपार केले. म्हातारपणी तो परतला आणि १८२५ साली विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. त्याने शुभवर्तमानांचे माल्टीत भाषांतर केले, तेही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांसाठी. १८२९ साली तो वारला, तेव्हा कॅथलिक दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, फ्लोरियानाच्या तटावरच्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्याची समाधी आहे. तेथे आता बाग आहे. खाली बंदरात पांढऱ्या होड्या डुलत असतात.

त्याच्या मृत्यूनंतर एकशे पाच वर्षांनी, १९३४ साली, माल्टी ही राजभाषा झाली आणि इटालियनचे आसन गेले. २००४ साली माल्टा युरोपीय संघात गेला. तेव्हापासून संघाचे कायदे या पाच लाखांच्या भाषेतही निघतात.

म्हणजे लढाई संपली, असे वाटते ना? मलाही तसेच वाटले होते. परंतु स्लिएमाहून व्हॅलेटाला येणाऱ्या छोट्या बोटीत आमच्या समोर एक आजी आणि सात-आठ वर्षांचा नातू बसला होता. आजी माल्टीत विचारी, नातू इंग्रजीत उत्तर देई. तिला त्याचे कळत होते, त्याला तिचे कळत होते. भांडण नव्हते, राग नव्हता. बोट धक्क्याला लागेपर्यंत आजीने मात्र आपली भाषा सोडली नाही. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. असे संवाद दादरला, डेक्कनवर आणि धरमपेठेत रोज चालतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु माल्टाने मला दुसरा हिशोब शिकवला. तेथली भाषा अरब, सरदार, फ्रेंच आणि इंग्रज या साऱ्यांना पुरून उरली, ती कोणा सरकारच्या कृपेने नव्हे. तिला कोणी दर्जा दिला नव्हता, तेव्हाही आया मुलांना तिच्यातूनच जेवायला हाक मारीत होत्या. नदी नसलेल्या त्या बेटावर प्रत्येक घराखाली पाण्याचे एक टाके असे. पाटाचे पाणी यायच्या आधी शहर त्यावरच जगले. भाषेचेही तसेच आहे. राजदरबारचा पाट कधी येईल, कधी आटेल. घराखालचे टाके मात्र ज्याचे त्यानेच भरून ठेवायचे असते.