मौनाचा न्याय

नाटकातील पात्र आणि इतिहासातील व्यक्ती यांतील अंतर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने सतत जपले पाहिजे, असे मी मानतो. रोल्फ होखहूट यांचे ‘प्रतिनिधी’ हे जर्मन नाटक १९६३ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आले, आणि १९३९ ते १९५८ या काळात पोपपदी असलेले बारावे पायस प्रामुख्याने तेव्हापासून ‘मौन पाळणारे पोप’ म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले.

बेंगळूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून हे नाटक शिकविताना मला वारंवार द्यूतसभेतील भीष्म आठवतात. भीष्म गप्प राहिले, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते बोलले. पण धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच. १९४२ च्या नाताळातील नभोवाणी-भाषणात पोपही बोलले. केवळ राष्ट्रीयत्वामुळे वा वंशामुळे मृत्यूच्या दारी लोटल्या गेलेल्या लाखो निरपराधांचा त्यांनी उल्लेख केला; मात्र ज्यूंचे वा नाझींचे नाव घेतले नाही.

साम्य येथे संपते. भीष्मांच्या उत्तरामागे द्रौपदीसाठी केलेली कोणतीही कृती नव्हती. रोममध्ये १६ ऑक्टोबर १९४३ च्या धरपकडीनंतर हजारांहून अधिक ज्यू आउश्वित्झला धाडले गेले, हे खरे; परंतु त्याच शहरातील मठांनी हजारोंना आसरा दिला. २०२३ मध्ये प्रकाशात आलेल्या याद्यांत आश्रितांची सुमारे ३,६०० नावे असून त्यांपैकी ३,२०० जण निश्चितपणे ज्यू होते. पोपांचा लेखी आदेश उपलब्ध नाही. तरीही इतकी दारे त्यांच्या अनुमतीवाचून उघडी राहिली असतील, हे मला पटत नाही. शिवाय जुलै १९४२ मध्ये हॉलंडच्या बिशपांनी जाहीर निषेध केला, तेव्हा काही दिवसांतच कॅथलिक झालेल्या ज्यूंना पकडण्यात आले, आणि तत्त्वज्ञ एडिट श्टाइन त्यांत बळी पडल्या. निषेधाची किंमत निषेध करणाऱ्यांना नव्हे, इतरांना मोजावी लागली होती.

या पोपांची कार्यरीती बेंगळुरातही दिसते. येथील धर्मप्रांत त्यांनीच १९४० साली स्थापिला, आणि देश पारतंत्र्यात असताना, १९४२ मध्ये, थॉमस पोथाकामुरी या भारतीय बिशपांच्या हाती सोपविला. पुढे १९५३ मध्ये मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस पहिले भारतीय कार्डिनल झाले. घोषणेपेक्षा नेमणुकीवर भिस्त ठेवणाऱ्या मुत्सद्द्याची ही रीत होती.

तथापि समर्थनालाही सीमा हवी. २०२० मध्ये व्हॅटिकनची तत्कालीन दप्तरे अभ्यासकांना खुली झाली. बेल्झेक येथील संहाराची वार्ता देणारे एका जर्मन जेझुइटाचे पत्र डिसेंबर १९४२ मध्येच पोपांच्या सचिवांना लिहिले गेले होते, हेही पुढे उघड झाले. ‘त्यांना ठाऊक नव्हते’ हा बचाव आता टिकत नाही. बोलण्याने किती जीव वाचले असते आणि किती गेले असते, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

उदासीनतेचा आरोप मी अमान्य करतो. पण गुप्त आश्रयापलीकडेही पीडितांचा एक हक्क असतो, आपले नाव कोणीतरी अधिकारवाणीने, सर्वांदेखत उच्चारावे हा. तो त्यांना लाभला नाही, हे मान्य करूनच मी पायस यांची बाजू मांडतो.