एक बादली आणि चार पाती

घर किती नीटनेटके आहे हे पाहुण्याला दिवाणखान्यात कळते. ते किती सुखाचे आहे हे मात्र न्हाणीघरात कळते, असे माझे जुने मत आहे. दिवाणखाना लोकांसाठी मांडलेला असतो. न्हाणीत माणूस एकटा असतो, दाराला कडी असते, आणि दहा मिनिटे का होईना, त्याला कोणी हाक मारीत नाही. संसारी बाईला तर दिवसातला निवांतपणा तेवढाच!

या कोंदट खोलीचे भाग्य वर्षातून एकदा उजळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद आणि संत्र्याची वाळवलेली साल घातलेले उटणे अंगाला लागते, घंगाळातून वाफ उठते आणि न्हाणीचा गाभारा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा फिनेलचे राज्य!

मागे पुण्याहून लेकीने सुगंधी तेलाची एक चिमुकली बाटली आणली. “आई, याला अरोमाथेरपी म्हणतात,” ती म्हणाली. नाव मोठे भारदस्त. गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1937 साली आपल्या पुस्तकाला ते दिले. पण वस्तू काही आपल्याला परकी नाही. आमच्या वऱ्हाडातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवते. त्याच्या तेलात गुलाबातलेच एक सुगंधी द्रव्य असते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून थेट तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात चक्क भेसळीसाठी वापरले जाई! आमचे गवत परदेशी गुलाब म्हणून मिरवून आले आणि आम्ही त्याला गवतच म्हणत राहिलो.

मी बाटली जपून ठेवली आणि सांदवाडीत गेले. गवती चहाची चार पाती कापली, थोडा मारवा खुडला. पाती हातावर चुरगळून कढत पाण्याच्या बादलीत टाकली की पानातले तेल वाफेबरोबर वर येते आणि लहानशी न्हाणी दरवळून जाते. वासाने दुखणे बरे होते असा माझा दावा नाही. पण नाकाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या घराला फार जवळची आहे, हे शास्त्रही सांगते. म्हणून तर एका वासासरशी माहेर आठवते.

याचे खरे मोल मला कळले ते 2018च्या उन्हाळ्यात. निळोणा आणि चापडोह, यवतमाळला पाणी पाजणारी दोन्ही धरणे आटली होती. टँकर आला की गल्लीभर गुंड आणि बादल्यांची रांग लागे. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. स्नानाशिवाय पाण्याचा घोटही न घेणाऱ्या त्या बाई रोज म्हणू लागल्या, “राहू दे बाई माझी आंघोळ. पोरांची होऊ दे.” तिसऱ्या दिवशी मला ते ऐकवेना. अर्धी बादली पाणी कढवले, त्यात गवती चहा आणि निरगुडीची पाने टाकली, आणि त्यांना पाटावर बसवून ओल्या पंचाने अंग पुसले. वाफ तोंडावर आली तशा त्या डोळे मिटून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “झाली गं माझी दिवाळी!” अंग अर्ध्या बादलीत स्वच्छ झाले असेल-नसेल, पण ओझे झाल्यासारखे जे वाटत होते, ते मात्र धुऊन गेले.

तेव्हापासून हा आमचा रिवाज झाला आहे. मोरीचे पाणी नालीत न सोडता गवती चहाच्या आळ्यात वळवले आहे. साबण बेताचा ठेवला की गवत जोमाने वाढते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवावी, कारण अंधाऱ्या न्हाणीत ते झाड तग धरीत नाही. पानांची जुडी दोऱ्याने बांधून बादलीजवळ टांगावी, दुसऱ्या दिवशी बदलावी. ओलाव्यात पाने कुजतात. कातडी नाजूक असेल तर पाने पाण्यात न टाकता नुसती टांगावीत, आणि बाटलीतले तेल तसेच अंगाला लावू नये. तुळस मात्र मोरीत न्यायची नाही, हा सासूबाईंचा दंडक आम्ही अजून पाळतो!

यंदाही पहिल्या आंघोळीला उटणे तुम्ही लावालच. पण भाऊबीज सरते, पाहुणे जातात, फराळाचे डबे रिकामे होतात आणि एक साधी, कामाची सकाळ उजाडते. त्या सकाळी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या बादलीत चार पाती टाकून पाहा.