तुंगारेश्वरचा ओढा आणि आमच्या विहिरी

केळव्याच्या मुलांना समुद्र नवीन नाही. सुरूची बाग, खाडी, पानवेलीच्या वाड्या हे त्यांचं रोजचंच. म्हणून चौथीच्या क्षेत्रभेटीसाठी आम्ही जंगल निवडलं. केळवे रोडहून लोकलने वसई रोड, पुढे रिक्षाने तुंगारेश्वर. २००३ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं आहे.

मंदिराकडे जाणारी वाट ओढा ओलांडत जाते. दिवाळीची सुट्टी संपली होती, तरी ओढा वाहत होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाऊस तर कधीच गेला. मग हे पाणी येतं कुठून?"

मी मुलांना झाडाखालचा पाचोळा बाजूला करायला सांगितलं. खालची माती ओली, हाताला गार लागली. पाचोळा आणि मुळं पावसाचं पाणी जमिनीत मुरवतात, ते हळूहळू ओढ्यात पाझरतं. ती म्हणाली, "आमची विहीर मे महिन्यात मचूळ होते. बाबांनी यंदा अर्धी पानवेल काढून टाकली."

सगळी मुलं गप्प झाली. किनाऱ्यावर गोडं पाणी कमी मुरलं आणि उपसा वाढला, की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून विहिरीकडे सरकतं. हे त्या दिवशी समजावून सांगायला फळा लागला नाही.

शिक्षक मित्रांनो, परिसर अभ्यासासाठी एक उपक्रम सुचवते. पालकांना सोबत घेऊन दर पंधरवड्याला विहिरीची पातळी गाठी मारलेल्या दोरीने मोजा, वहीत लिहा. आम्ही सुरुवात केलीय. वाडीतला पाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या बुंध्याशी पसरायचा, हेही मुलांनीच ठरवलंय.