मानोची पेटी

गेल्या वर्षी मला दिवस गेले आणि पहिला सल्ला आला तो मानोला घराबाहेर काढण्याचा. मानो म्हणजे आमची मांजर. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये तिला उकरायला माती कुठली? बाल्कनीतली पेटी हीच तिची जागा. शेजारच्या खाला म्हणाल्या, "मांजराच्या घाणीचा बाळाला धोका असतो. मासळीबाजारात सोडून या तिला."

मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मांजर घरात आहे म्हणून घाबरू नका, धोका तिच्या विष्ठेत असू शकतो. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू विष्ठेतून बाहेर पडला, तरी त्याची बाधा होण्याजोगी स्थिती यायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ व्हावी, ती तुम्ही करू नये आणि मांजराला कच्चे मांस देऊ नये.

हे कुवेतला. त्यामुळे पेटीचे काम अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपणहून घेतले. पण त्यांना दमा. आमचे लिटर बेंटोनाइट मातीचे होते. ओले झाले की फुगून त्याचा गोळा होतो, उचलायला सोपे. पण ओतताना राखाडी धूळ उडायची, अगदी जानमाजवर येऊन बसायची. आठवड्याभरात अब्बांचा खोकला वाढला. शिवाय ही माती खाणीतून काढलेली, आणि संडासात टाकली तर पाइप तुंबणार.

मग सुताराकडचा भुसा आणला. तो पंजांना चिकटून घरभर झाला. त्यात प्लायवुडचाही भुसा, म्हणजे डिंक आणि रसायने आलीच. शेवटी दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या, बिनवासाच्या गोळ्या मिळाल्या. धूळ अगदी कमी. लघवी पडली की गोळीचा भुसा होतो आणि जाळीतून खाली गळतो. मानो आधी रुसली. जुन्या लिटरमध्ये रोज मूठभर गोळ्या मिसळत गेलो, तेव्हा दोन आठवड्यांत वळणावर आली. लाकूड मातीत मिसळून जाते हे खरे, पण म्हणून विष्ठेचे खत आम्ही कोथिंबिरीच्या कुंडीत घालत नाही. ती कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते.

तरी खालांनी विचारलेच, "नमाजच्या घरात मांजर?" अब्बांनी त्यांना हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत सांगितली. सुनेने त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतले, तेवढ्यात मांजर आली. त्यांनी भांडे तिच्यापुढे कलते केले. सून बघतच राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की पैगंबरसाहेबांनी (स.) मांजरीला नापाक म्हटलेले नाही, ती घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे.

"मांजर नापाक नाही," अब्बा म्हणाले, "पण तिची घाण नापाकच. ती आवरायचे काम आपले."

नात आता चार महिन्यांची आहे. पेटी मी करते म्हटले तरी अब्बा ऐकत नाहीत. फज्रनंतर पेटी साफ करतात, साबणाने हात धुतात आणि मगच तिला मांडीवर घेतात.