घटातली पान-सुपारी

मिरगाचा पहिला पाऊस धाडच्या काळ्या रानावर येतो तेव्हा आधी वास येतो, थेंब मागाहून. डोंगराकडून वारा वळतो, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या सळसळतात, गोठ्यातली गाय कान टवकारते, आणि विदर्भाच्या या टोकावर, जिथून शीव ओलांडली की मराठवाडा लागतो, अलीकडची आणि पलीकडची माणसं एकाच वेळी मान वर करून आभाळ न्याहाळू लागतात. वाट पाहणं ही इथली पहिली विद्या. अक्षरओळख तिच्यानंतर होते.

माझे आजोबा नक्षत्रांची नावं घेत ती घरच्या माणसांची घ्यावी तशी. रोहिणी, मिरग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त. कुणाचा पाऊस हळवा, कुणाचा तापट, कुणी दारापर्यंत येऊन मागे फिरणारा, पण प्रत्येकाची येण्याची वेळ ठरलेली, आणि त्या वेळेवर अख्ख्या गावाचं बियाणं, उधारी, लेकीचं लग्न, आषाढातली वारी बिनघोर विसावलेली. ती वेळच आता राहिली नाही. मिरग कोल्डा जातो, आर्द्रा पेरलेलं जाळून टाकते, दुबार पेरणीसाठी पुन्हा दुकानदाराच्या पायरीवर जावं लागतं; आणि सोयाबीन सोंगून ढीग लावले की कुठून कसा, दिवसरात्र न थांबणारा पाऊस कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा काढणीला आलेला गहू-हरभरा उभ्याचा आडवा झाला. गार वितळते. तिचा आवाज वितळत नाही.

आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात, तिकडे जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ आहे. तीनशेहून अधिक वर्षं तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यांचं रिंगण, मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर पाण्याची घागर, आणि तिथेच पान-सुपारी ठेवलेली: राजा आणि त्याची गादी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे ढेकूळ किती भिजलं, दाणा कुठे सरकला, सुपारी जागची हलली का, हे पाहून वर्षाचं भाकीत सांगतात, आणि हजारो शेतकरी उन्हं तापायच्या आत ते कानात साठवून घरी जातात. भाकीत खरं ठरतं की खोटं, यात माझं मन कधी गुंतलं नाही. मला मोह पडतो त्या मांडणीचा. पाऊस आणि राजा एकाच रिंगणात! ज्या कुणी पहिला घट मांडला त्याला पक्कं उमगलेलं होतं की ढेकळांची खबर विचारायची तर गादीचीही विचारावी लागते.

आम्ही मात्र शतकानुशतकं ढेकळांकडेच पाहत राहिलो. सुपारीकडे पाहू लागली ती पोरं.

२०१७ साली उत्तराखंडची नऊ वर्षांची रिधिमा पांडे राष्ट्रीय हरित लवादाच्या दारात गेली आणि आपल्याच सरकारला तिने विचारलं, आमच्या वाट्याच्या हवेसाठी तुम्ही काय करता? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन एकटी बसली, आणि वर्षभरात पृथ्वीच्या पाठीवरच्या कितीतरी शहरांत शुक्रवारचे वर्ग ओस पडले. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबई-पुण्याची मुलंही रस्त्यावर आली. त्यांच्या हातांतले पुठ्ठ्याचे फलक मी फोनवर पाहत होते. बाहेर आमच्या गल्लीत वाळत घातलेल्या मिरच्यांचा खाट उठला होता, डोळे चुरचुरत होते.

मग ४ ऑक्टोबरची रात्र. नवरात्र चाललेलं, सूर्य हस्तात. घरोघर देवघरातल्या घटात काळ्या मातीवर धान्याचे पिवळसर कोंब बोटभर वर आलेले. आणि मुंबईत, उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्यावर काही तासांतच, आरेच्या रानात मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. मुलं अंधारात धावली. फोनच्या थरथरत्या उजेडात झाडाचा बुंधा दिसे, मुलीचा हात दिसे, पोलिसाची शिट्टी ऐकू येई, आणि त्या सगळ्याच्या तळाशी ती घरघर, एकसुरी, न दमणारी, जणू रात्रच कुणी कापत होतं. २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि ७ तारखेला, खंडेनवमीला, शस्त्रं आणि अवजारं पुसून पूजेला मांडायच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने यापुढे झाड तोडू नका म्हणून सांगितलं. तोवर २,००० हून अधिक झाडं पडली होती. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याचं पान हातात घेताना माझ्याच्याने कुणाला सोनं देववेना.

पुढे २०२४ च्या मार्चमध्ये माळढोकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा माणसाचा हक्क आहे, जगण्याच्या आणि समानतेच्या हक्कातूनच तो येतो. एका पाखराच्या निमित्ताने माणसाला हा हक्क मिळाला. माळ मोकळे होते तेव्हा हा पक्षी आपल्या विदर्भातही दिसे. मला ती बातमी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली.

पण कागदावरचा हक्क पाटातून शेतापर्यंत वाहत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातल्या शिवणी आरमाळचे कैलास नागरे खडकपूर्णा धरणाचं पाणी आपल्या भागातल्या रानांना मिळावं म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये उपोषणाला बसले होते. २०२० चा युवा शेतकरी पुरस्कार मिळवलेला, शेतीवर जीव असलेला माणूस. १३ मार्च २०२५ ला, होळीच्या दिवशी, त्यांनी आपलं जगणं संपवलं. या मरणावर मला एकही सुंदर वाक्य लिहायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की शहरातल्या मुली फलकावर जे लिहितात आणि हा माणूस उपोषणाला बसून जे मागत होता, ते मागणं एकच आहे. त्याच्या मागणीला कुणी हवामानाचं आंदोलन म्हटलं नाही. बातमीत ते ‘पाणीप्रश्न’ झालं, पीकविम्यासाठी मुलं बुलढाण्याला कलेक्टर कचेरीवर गेली की ते ‘शेतकरी आंदोलन’ होतं, टँकरसाठी बायांनी हंडे घेऊन रस्ता अडवला की ‘टंचाई’. खाती वेगळी, टेबलं वेगळी. आभाळ तेवढं एक. आणि अशा एकेकट्या पडलेल्या माणसांच्या पाठीशी पुठ्ठ्याचे फलक घेऊन शेकडो पोरं उभी राहिली असती तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही. एकट्याने मागितलेलं पाणी फार जड असतं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी यंदा अठराची झाली. ग्रामसभेत तिला आता हात वर करता येतो, आणि १५ ऑगस्टच्या सभेला ती जाणार आहे. काल संध्याकाळी वही घेऊन आली. पानभर प्रश्न. कोणत्या विहिरीला कितव्या महिन्यात तळ लागतो, बंधाऱ्यातला गाळ कधी काढला, आराखड्यात पाण्यासाठी किती रक्कम धरली आणि खर्च किती झाली, लावलेल्या झाडांपैकी जगली किती. अक्षर गोल, शांत; कुठे खाडाखोड नाही. मी वाचत गेले आणि माझ्या पोटात आधी भीती उठली, मग तिच्यावरून ओसंडून जाणारा आनंद.

“काकू, ते तोंडी काहीतरी सांगून बसवतील मला,” ती म्हणाली.

“बसू नको. उत्तर लिहून माग. इतिवृत्तात तुझा प्रश्न आला का तेही बघ.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर २ ऑक्टोबरला पुन्हा सभा आहे. तेव्हा चौघी जा.”

तिने वहीत तारीख लिहिली आणि चौघींची नावं मांडायला बसली. तीन लगेच सुचली. चौथ्या ओळीवर पेन थांबलं, तिने वर पाहिलं, आणि मला न विचारताच माझं नाव लिहून टाकलं.