कॉर्टिसॉल यांस, पांढरकवड्याहून

आदरणीय कॉर्टिसॉल यांस,


इकडे कापसाची वेचणी सुरू झाली आहे, भावाचं काही खरं नाही, आणि आमच्या काकूची झोप अजून मोडलेलीच आहे. तिच्या झोपेपायी हे पत्र.

आधी आभार. तुम्ही ताणाचं संप्रेरक. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून तुम्ही पहाटे वर चढता, म्हणून अंथरुणातून उठायला आम्हाला बळ येतं. संकट आलं की ॲड्रेनलिन क्षणात धावतं, छाती धडधडवतं. तुम्ही काही मिनिटांनी येता, साखर पुरवता आणि धोका टळला की सगळ्यांना शांत करता. भांडण मिटवून दाराची कडी लावणाऱ्या घरातल्या थोरल्या माणसासारखे.

म्हणून तर तक्रार तुमच्याकडेच. 2016 ते 2018 या काळात आमच्या पांढरकवडा वनविभागात टी-1 वाघिणीच्या नावावर 13 माणसांचे बळी लागले. बाहेरचं जग तिला अवनी म्हणायचं. काकूचं वावर राळेगावकडे. वेचणीला बायका घोळक्याने जायच्या, जागलीला जायला कुणी धजत नव्हतं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मेली. धुऱ्यावरची तूर सळसळली की काकूचे हात मात्र आजही गार पडतात. "मेली ना ते वाघीण, आता काहून भेतं वं?" शेजारणी विचारतात. मन घट्ट कर म्हणतात. मन ती कधीचीच घट्ट करून बसली आहे. शरीर ऐकत नाही.

तुमचा माग काढण्यात उभं आयुष्य घातलेल्या एक मानसशास्त्रज्ञ आहेत, रेचल येहुदा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठात सहकाऱ्यांसह त्यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, आघाताची व्याधी (पीटीएसडी) जडलेल्या सैनिकांच्या दिवसभराच्या लघवीत तुम्हाला मोजलं. ताण आहे म्हणजे तुम्ही वाढलेले असणार, हा सगळ्यांचा हिशेब. तुम्ही कमी निघालात! कित्येकांना ते पटेना. मग बाई ज्या क्लीव्हलँडमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथे राहणाऱ्या, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या वृद्धांकडे गेल्या. छावण्या उठून अर्धशतक होत आलं होतं. आघाताची व्याधी ज्यांना जडली होती, त्यांच्यात तुम्ही तिथेही कमीच.

बाईंचं म्हणणं असं, की अशा माणसाचा मेंदू तुमच्याबाबत फार हळवा होतो. तुमची जराशी चाहूल लागली तरी तो तुम्हाला परत धाडतो. तुम्ही निघून गेलात की ॲड्रेनलिनला आवरायला कुणी नाही, आणि भीती आठवणीत खोल रुतते. काकूला हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी भित्री नाही." एवढं एक वाक्य तिला कुणीतरी कधीच द्यायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र रागावायचं आहे. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 ला जळत्या मनोऱ्यांच्या आसपास असलेल्या 38 गरोदर बायका येहुदाबाईंनी अभ्यासल्या. आघाताची व्याधी जडलेल्या आयांच्या लाळेत तुम्ही कमी, आणि त्यांच्या वर्षभराच्या बाळांतही कमी. तेव्हापासून आघात वारशाने येतो असं जो तो छातीठोक सांगतो. अडतीस बायकांवरून? कर्त्या माणसाने विष घेतलेली किती घरं आमच्या तालुक्यात आहेत. त्यांची पोरं शाळेत जातात, कबड्डी खेळतात. त्यांच्या कपाळी तुमच्या नावाने कुणी काही लिहू नये. शरीराचा हा बदल जगाशी जुळवून घेण्याचाही असू शकतो, असं खुद्द येहुदाबाईच सांगतात.

आता विनंती. राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करतात. उत्तर बहुतेकदा येतं, "बरं हाय." लाळेच्या एका थेंबावरून निदान होत नाही, हे ठाऊक आहे. तरीही तुमचे अभ्यासक सैनिकांकडे गेले, छावण्यांतून वाचलेल्यांकडे गेले; त्यांना नागपूर–हैदराबाद महामार्गावरून आमच्याकडेही वळायला सांगा. राहायची सोय आम्ही करू.

आणि काकूकडे याल तेव्हा घाई करू नका. तूर ओलांडून ती घरी पोचेपर्यंत थांबा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक पांढरकवडेकर